बाटी शिकलेलं यंत्र

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. वर्षभराची नात बायकोच्या मांडीवर होती. तिच्या डोक्यावर टोपी, टोपीला बोटाएवढा कॅमेरा. बायको सोलत होती कमी, नातीशी बोलत होती जास्त, तेही आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. भाकरीचा तुकडा देताना म्हणायची, "बाटी."

मी म्हटलं, "आता अख्खा तांडा शिकव तिले."

"तुमाले कायले तरास? सोला मुकाट्यानं."

दुपारी बायकोच्या छातीत कळ आली. दारव्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपली.

कॅमेऱ्याची टोपी आमच्या लेकीची, नातही तिचीच. लेक पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. लेकरू बोलणं कसं शिकतं, तसंच यंत्र शिकतं का, हे ती पाहते. सुट्टीत महिनाभर तिनं हेच चालवलं होतं. तेराव्यानंतर मी म्हटलं, "दाखव तुह्यं यंत्र."

मी चौथी शिकलेला, पण समजलं. लेकरानं जे पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच यंत्राला दिलं होतं. वरून कोणी काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर तांब्या, खाट, भाकर, चप्पल आली. बायकोचा आवाज आला, "बाटी." यंत्रानं बरोबर भाकर दाखवली. मी गारच पडलो. नव्या बैलाला माझी हाक कळायला हंगाम जातो!

मग लेकीनं "याडी" विचारलं. याडी म्हणजे आई. आमच्या घरात सगळे बायकोला तेच म्हणत. यंत्रानं तिचा चेहरा सोडला आणि हात दाखवले.

"चुकलं," मी म्हटलं.

"नाही बा. मांडीवरून पोरीले हातच दिसत होते."

खरंच होतं. एवढी नजर माणसालाही नसते.

"पण आता थांबलं सारं," लेक म्हणाली. "हिच्यासंगं गोरबोली बोलीन कोण? मले तर येत नाही."

"काहून येत नाही?"

"तुमीच येऊ देली नाही. शाळेत हासतीन म्हणे!"

तांडा सोडून गावात घर केलं, तेव्हा बंदी मीच घातली होती. बायकोनं ती लेकरांपुरती पाळली, नातीपाशी मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला कडेवर घेऊन गोठ्यात गेलो. इतक्या वर्षांनी जीभ वळेना. तरी गाय, वासरू, दावं, शेण, एकेकावर बोट ठेवून सगळं गोरबोलीत सांगत गेलो.