बेडकाचा डबा

माझा धाकटा भाऊ बेस गिटार वाजवायचा, हे आमच्या घरात कुणी सरळ म्हणत नसे. "तो ते काहीतरी वाजवतो," असं बाबा म्हणायचे आणि विषय बदलायचे. आजोबांपासून कलकत्त्यात राहिलेलं आमचं कुटुंब. भवानीपुरात वरच्या मजल्यावर भाड्याची जागा, बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मी एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करणारा. आणि हा पार्क स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटच्या बँडमध्ये, लोक कटलेट खात असताना चार जाड तारा छेडत उभा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. एका दुपारी तो कुणाची तरी अमेरिकन रेकॉर्ड मागून घेऊन माझ्या खोलीत आला आणि त्यातला एकच तुकडा त्याने मला सात वेळा ऐकवला. बेसचा प्रत्येक सूर तोंड उघडून मिटावं तसा येत होता. वॉव, वॉव, वॉव. मला तर डबक्यातला बेडूकच वाटला. बाबांनी दारातून डोकावून विचारलं, याला पडसं झालंय का? भाऊ म्हणाला, परदेशात यासाठी एक पेटी मिळते, गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे जोडून पायाशी ठेवायची. कलकत्त्यात कुणाकडे नाही. तू करून दे.

मी आधी झटकून टाकलं. नसती उठाठेव कुणी सांगितलीय! पण त्याच सुमारास बाबांनी आपला निकाल जाहीर केला होता. नागपूरच्या मामाने एका विमा कचेरीत याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. दुर्गापूजेपर्यंत सिनेमाच्या स्टुडिओत कायमचं काम मिळालं तर राहा, नाहीतर मुकाट्याने नागपूरला जाऊन टेबलाशी बस, असं बाबांचं म्हणणं. टॉलीगंजच्या स्टुडिओत बेस वाजवणारे काय कमी होते? याच्याकडे काहीतरी वेगळं हवं, आणि ते वेगळं म्हणजे हा बेडूक. त्याने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघून मी हो म्हणालो. झक मारली आणि हो म्हणालो.

तत्त्व अगदी सोपं होतं. तार छेडली की डब्यातला एक बारीक बल्ब उजळणार, तार जितक्या जोरात तितका उजेड जास्त. बल्बासमोर फोटोसेल. उजेड वाढला की आवाजाचं तोंड उघडणार, उजेड ओसरला की मिटणार. कलकत्त्याच्या चांदणी चौकातल्या विजेच्या बाजारातून सामान आणलं आणि माझ्या शाळेच्या दिवसांतल्या ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात सगळं बसवलं. किती जोरात छेडल्यावर किती उजेड पडावा, हे ठरवायला एक बारीक बटण होतं. ते मी बाहेर काढलं नाही. आतच ठेवलं, घरी त्याला वाजवायला बसवून बरोबर जुळवलं आणि झाकणाला चार रिव्हेट मारले. कारण हा आमचा भाऊ! रेडिओचं बटणसुद्धा याच्या हातात टिकायचं नाही. बाहेर बटण दिसलं असतं तर दिवसभर पिळत बसला असता.

घरी डबा छान बोलायचा. टॉलीगंजच्या एका संगीत दिग्दर्शकाचा मदतनीस आमच्याकडे येऊन, खाटेवर बसून ऐकून गेला. "दारुण!" म्हणजे बंगालीत झकास, असं म्हणून त्याने दोनदा चहा घेतला आणि पूजेच्या आधीच्या आठवड्यात रेकॉर्डिंगला यायला सांगून गेला. त्या दिवशी बाबांनी विषय बदलला नाही.

शनिवारी भाऊ डबा रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला आणि परत आला तो तोंड पाडून. चालत नाही म्हणाला. बेडूक तोंड उघडतो आणि उघडंच ठेवतो, मिटतच नाही. मी रिव्हेट फोडले, सगळे जोड तपासले, वाजवून बघ म्हटलं. घरी उत्तम! आजारी पोराला दवाखान्यात न्यावं आणि तिथे त्याचा ताप उतरलेला असावा, तसला प्रकार. पुन्हा रिव्हेट मारले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी मी वायरला दोष दिला. तिसऱ्या वेळी हवेतल्या दमटपणाला, मग त्याच्या पायातल्या बुटांना, मग त्या रेस्टॉरंटच्या विजेला. डबा बॅटरीवर चालत होता, हे मला ठाऊक असूनसुद्धा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मी तेव्हा कुणाला हार गेलो नसतो. शेवटी रिव्हेटचा कंटाळा आला म्हणून मी झाकणाला स्क्रू लावले.

प्रत्येक वेळी तो एकच सांगायचा. "दादा, एकदा तिथे येऊन बघ."

आणि प्रत्येक वेळी मी खेकसायचो. घरोघर जायला मी काय डॉक्टर आहे? डबा इथे चालतो म्हणजे डबा बरा आहे, बिघाड तुझ्या हातात आहे, नीट सांभाळायला शीक. खरं सांगायचं तर मला त्या जागेची चीड होती. मधल्या वेळेला बिअर पिणारे लोक, त्यांच्यापुढे उभा राहून वाजवणारा माझा भाऊ, आणि तिथे एखाद्या टेबलाशी मी. कॉलेजातलं कुणी भेटलं तर? नकोच ते. उंटावरून शेळ्या हाकणं मला जास्त सोयीचं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो सकाळी सातला निघाला आणि दोन वाजता घरी आला. डबा तिथेही बोलला नाही. घरी बसून तो हळू आवाजात एकटाच वाजवायचा. तिथे ड्रम होते, बारा व्हायोलिनं होती. दिग्दर्शकांनी दोनदा थांबून बघितलं, मग डबा बाजूला ठेवायला लावला आणि साधंच वाजवून घेतलं. पुढच्या कामासाठी निरोप पाठवू म्हणाले. कलकत्त्यात या वाक्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. भावाने हे सगळं आईला सांगितलं, मला नाही. मी तरीही डबा उघडला, बॅटरी लावली, त्याला वाजवायला लावलं. त्याने चार सूर वाजवले. डबा बोलला. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे बघितलं. आज त्या माझ्या मुद्रेची आठवण झाली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पूजा झाली. नागपूरचं तिकीट काढलं. जायच्या आधीच्या रविवारी दुपारी त्याचं रेस्टॉरंटमध्ये शेवटचं वाजवणं होतं. अ‍ॅम्प्लिफायर जड, तो घरी आणायला टॅक्सीत दुसरं माणूस हवं, म्हणून आईने मला पाठवलं. ऐकायला नव्हे, हमाली करायला.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. वेटर माझ्या खांद्यावरून ट्रे नेत होते. बँडने गाणं सुरू केलं आणि मी भावाकडे बघितलं तर तो मला ओळखूच येईना. घरी हा बोटांच्या मऊ टोकांनी तार गोंजारायचा. अ‍ॅम्प्लिफायरखाली चादरीची घडी असायची, कारण खालच्या मजल्यावरचे वृद्ध प्राध्यापक छत्रीच्या टोकाने छत ठोकायचे आणि बाबांची दुपारची झोप मोडायची. इथे त्याचा हात खांद्यापासून येत होता. तारा फळीवर आपटत होत्या. टेबलांवरचे ग्लास किणकिणत होते, एक बाई घास हातात धरून थांबली होती, आणि ड्रमवाला डोळे मिटून फक्त याच्या मागोमाग चालला होता. घोडं कुठे पेंड खात होतं, ते मला तिथे ट्रेच्या खाली वाकता वाकता कळलं. मी डबा घरातल्या हातासाठी जुळवला होता. असल्या हाताखाली आतला बल्ब पहिल्या सुरालाच पूर्ण पेटत होता आणि विझायला त्याला उसंतच मिळत नव्हती. बिघाड कधी नव्हताच. चार महिने मी त्याला नावं ठेवत होतो.

मध्यंतरात मी त्याच्या पायाशी जोडलेला डबा उचलला. चाकू मागितला, वेटरने लोण्याचा दिला. स्क्रू काढले, आतलं बटण अर्ध्याहून जास्त मागे फिरवलं, झाकण लावलं. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांचं! पुढच्या गाण्यात बेडूक असा काही बोलला की मागच्या टेबलांवरचे लोक उठून उभे राहिले. ड्रमवाला हसायला लागला. भावाने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही.

टॅक्सीत आमच्या दोघांच्या मधे अ‍ॅम्प्लिफायर होता. मी बोलत सुटलो. सगळं समजावून सांगितलं, बल्ब, फोटोसेल, बटण, माझं कसं चुकलं. म्हटलं, उद्या मी स्वतः टॉलीगंजला येतो, त्या दिग्दर्शकांना भेटतो, बाबांशी बोलतो, तिकीट परत करू. तो म्हणाला, तिथे दुसऱ्याला घेतलंय दादा, परवाच कळलं. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

रस्त्यात ट्राम आडवी आली म्हणून टॅक्सी थांबली. तेव्हा त्याने विचारलं, "कसं वाटलं?"

मी म्हणालो की आता डबा एकदम ठीक आहे, बटण बाहेर काढून देतो, मग—

"डब्याचं नाही रे. माझं वाजवणं."

चोवीस वर्षांचा होता तो. आठ वर्षं वाजवत होता. हा प्रश्न त्याने आमच्यापैकी कुणाला कधी विचारला नव्हता, कारण उत्तर देण्यापुरतं आमच्यापैकी कुणी ऐकलंच नव्हतं. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं. त्या वेळी तीनच शब्द सुचले. मी म्हणालो, "फार छान वाजवतोस."

"बरं," तो म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. मंगळवारी तो नागपूरला गेला.