परतीचं वाण

दान करत फिरणाऱ्या बायांचा मला राग येतो, आणि मी तो लपवत नाही. म्हणा खडूस. पण माझ्या शेजारणीच्या, प्रमिलाबाईंच्या घरात यंदाच्या संक्रांतीला काय झालं ते आधी ऐका, मग मला शहाणपण शिकवा.

प्रमिलाबाईंचे मालक कौतिकभाऊ सावद्याकडच्या बागांमध्ये केळी कापायला जातात. केळीचा चीक सदऱ्यावर पडला की काळाकुट्ट डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. घड खांद्यावर वाहायचा, म्हणून खांदा आधी खराब होतो. बाकी कापड धडधाकट असतं. आम्ही बाकीच्या असल्या सदऱ्याचं पोतेरं करतो. प्रमिलाबाई करत नाहीत. डाग जात नाही ना, मग अख्खं कापडच त्या रंगाचं करायचं, हा त्यांचा हिशोब. केळीचा खांब ठेचून त्या पाण्यात सदरा भिजत घालतात, उन्हात टाकतात, पुन्हा भिजवतात. तपकिरी झाला की दुकानातली रंगाची पुडी आणि मीठ घालून मोठ्या पातेल्यात उकळतात, काठीनं ढवळत बसतात. शिवण आधीच उसवून ठेवतात, कारण दोरा रंग धरत नाही आणि पांढरा दोरा चुगली करतो. पुढचं शिवणकाम माझ्या मशीनवर. त्यांची लेक पुनम जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं जाते. तिचे सगळे कुर्ते असेच बापाच्या सदऱ्यांतून निघालेत. मैत्रिणी विचारायच्या, कुठून घेतला गं?

संक्रांत झाली आणि जळगावहून एका मंडळाच्या बाया गाडी करून आल्या. पुढारीण तिथल्याच मेहरूण भागातल्या मोहिनीताई. सोबत बॅनर आणि फोटोवाला. आम्हा बायांना मारुतीच्या पारावर बोलावलं, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि मग एकेकीच्या हातात कपडे ठेवले. आता तुम्हीच सांगा, संक्रांतीच्या दिवसांत हळदीकुंकू लावून कुणी हातात काही दिलं तर आम्ही काय समजणार? आम्ही वाण समजलो. वाणाला कुणी नाही म्हणतं का? पुनम मागे मागे सरकत होती. प्रमिलाबाईंनीच तिला पुढे केलं, वाण आहे, घे, ताईंचा मान राख म्हणाल्या. पोरीनं दोन्ही हात पुढे केले आणि फोटोवाल्यानं नेमकं तेवढंच टिपलं.

घरी येऊन पाहतो तर काय. प्रमिलाबाईंना विटलेली सुती साडी, पदर फाटलेला. पुनमला चेन तुटलेली जीन्स. मला एक गाऊन, त्याला औषधाला बटण नाही. असल्या कपड्यांवर भांडेवाली चमचासुद्धा देणार नाही. मी तिथल्या तिथे शिव्या घातल्या. प्रमिलाबाईंनी मलाच गप्प केलं, वाण लहानमोठं बघायचं नसतं म्हणून.

खरा घाव पुढे बसला. मंडळानं तो फोटो आपल्या फेसबुक पानावर लावला, खाली ओळ, 'गरजू मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू'. फिरत फिरत तो पुनमच्या वर्गाच्या ग्रुपवर आला. कुणीतरी लिहिलं, आता कळलं कुर्ते कुठून येतात. अरे मेल्यांनो, अंगावरचं सगळं तिच्या आईच्या हातचं होतं, फाटकं होतं ते तुमच्या जळगावच्या बायांनी हातात दिलेलं! माझं आजही डोकं फिरतं. पुनमनं कॉलेज बंद केलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आठवडा तसाच गेला, तेव्हा कौतिकभाऊ म्हणाले की जायचं नसेल तर राहू द्या, मी स्थळं बघतो. भुसावळकडचं एक त्यांच्या मनात होतंच. बारावीनंतर याच गोष्टीवरून नवऱ्याशी भांडून प्रमिलाबाईंनी लेकीला कॉलेजात घातलं होतं. आता ते सगळं त्या एका फोटोपायी पाण्यात जाणार होतं.

त्यांनी मोहिनीताईंना फोन लावला. फोटो काढून टाका म्हणून विनवलं. ताई म्हणाल्या, अहो, एवढं काय मनाला लावून घेता, उलट लोकांना प्रेरणा मिळते. प्रमिलाबाईंनी फोन ठेवला. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. थेट पातेलं चुलीवर चढवलं. ती विटलेली साडी रंगात टाकली आणि काठीनं अशी ढवळली की चूलही दचकावी. फाटका पदर कापून टाकला, उरलेल्या कापडाचा कुर्ता बेतला. मी शिवला, आणि खोटं कशाला सांगू, शिवताना मीही दात खात होते.

रथसप्तमीच्या आत वाण परत करायचं म्हणून आम्ही मेहरूणला गेलो. पुनमला आईनं समजावलं वगैरे काही नाही. तुझ्या फोनवर फोटो काढायला तू पाहिजेस, एवढंच सांगितलं.

मोहिनीताईंच्या बंगल्यात त्यांचंच हळदीकुंकू चालू होतं, दिवाणखाना बायांनी भरलेला. प्रमिलाबाईंनी ताईंना हळदीकुंकू लावलं आणि कुर्ता समोर धरला. ताई हरखल्याच. तुमचीच साडी हाये, असं सांगितल्यावर तर आणखी हरखल्या, पुढच्या कार्यक्रमाला असे पाच-सहा करून द्या म्हणाल्या.

"देऊ की," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आधी दोन्ही हात पुढं करून घ्या. आमची पुनम फोटो काढू रायली."

ताईंनी हसत हात पुढे केले. पुनमनं फोटो काढला.

"आता सांगा ताई, याच्या खाली काय लिहू? माझ्या लेकीच्या फोटोखाली तुम्ही गरजू लिहिलं. तुमच्या खाली काय लिहू?"

ताईंचं हसू गेलं. त्या चाचरत म्हणाल्या की आम्ही चांगल्या हेतूनं केलं, आणि तसा चेहरा काही ओळखू येत नाही.

"माझ्या सगळ्या वर्गाला ओळखू आला," पुनम म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

ताईंनी फोन घेतला आणि मंडळाच्या पानावरून पुनमचा फोटो काढून टाकला. पुनम तिथेच उभी राहिली. नुसतं काढून चालणार नाही, तिथेच लिहा, मी सांगते तसं, असं तिनं बजावलं आणि एकेक शब्द सांगत गेली.

"पुनम कौतिक महाजन. बी.एस्सी., दुसरं वर्ष. हिनं काही मागितलं नव्हतं. आम्ही हिला न विचारता हिचा फोटो लावला."

सगळ्या बायांसमोर ताईंनी ते लिहिलं आणि पानावर टाकलं. पुनमनं स्वतःच्या फोनवर ते पान उघडून नीट वाचून पाहिलं. मग ताईंचा काढलेला फोटो त्यांच्यासमोरच पुसून टाकला.

"झालं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चाल बाई, उद्या कॉलेज हाये तुले."