जावई चालतो

जगातला कोणता खेळाडू जन्माला कुठं आला आणि छातीवर झेंडा कुणाचा लावून फिरतो, याची चौकशी करायचं काम देवानं एकाच माणसावर सोपवलेलं असणार, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. राहतात बारामतीजवळ सांगवीला, शेत उसाचं, गोठ्यात चार गाई, पण लक्ष सगळं दुसऱ्यांच्या देशांकडे. टीव्हीवर कुठलीही शर्यत लागो, बाकी सगळे जण आधी ‘पुढे कोण’ हे बघतात, मामा बनियन बघतात. “जावईबापू, त्या तांबड्या बनियनवाल्याचा जन्म कुठला, बघा बरं तुमच्या मोबाइलात.” मी निमूटपणे शोधतो. माणूस जन्मला आफ्रिकेत आणि पळतोय आखातातल्या कुठल्याशा देशाकडून असं निघालं, की मामांचा चेहरा दूध नासल्यासारखा होतो. एकदा तर अशाच एका पठ्ठ्यानं शेवटच्या फेरीत तिघांना मागं टाकलं, तेव्हा मामांनी भान विसरून टाळ्या वाजवल्या होत्या. मी जन्मगाव सांगितल्यावर म्हणाले, “आदी सांगायचं हुतं की! आता त्या टाळ्या परत कशा घिऊ?” आणि उरलेला दिवस जणू मीच देश बदलला असावा अशा नजरेनं ते माझ्याकडे बघत राहिले.

स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांच्या कुंडलीतच नाही. चहा उभ्यानं, जेवण अर्धं बसून, आणि मॅच तर अंगणातून ओसरी, ओसरीतून न्हाणीघर अशा येरझारा घालत. दर फेरीला खिडकीतून डोकावून विचारणार, “काय झालं?” आत येऊन बघा म्हटलं तर म्हणणार, “माझ्यानं बघवत न्हाय.” एकदा आम्ही इंदापूरला लग्नाला निघालो होतो. गाडीत मोबाइलवर समालोचन चालू होतं. काटेवाडी आली आणि समालोचक सहज बोलून गेला, की फलंदाज आधी दुसऱ्या देशाकडून खेळत असे. “थांबवा गाडी!” मामा ओरडले. मला वाटलं छातीत कळ आली. मी गाडी कडेला घेतली, तर हा माणूस उतरून रस्त्याकडेच्या चहावाल्यापुढे उभा राहिला आणि त्या बिचाऱ्याला विचारू लागला, “तुमीच सांगा, ह्ये बरं हाय का?” चहावाल्यानं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तात्या, साखर किती?” आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. माझ्या बायकोनं त्या दिवशी दोघांशीही बोलणं टाकलं. माझा दोष काय, ते मला अजून कळलेलं नाही.

या आजाराचं मूळ त्यांच्या पंचगिरीत आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जत्रांच्या कबड्डीत मामा वर्षानुवर्षं पंच होते. गावोगावच्या त्या स्पर्धांचा नियम असा की गडी गावचाच हवा. अर्थात नियम केला की पळवाट निघतेच, आणि गावं कुठून कुठून दांडगे गडी आणून ‘आमचाच’ म्हणून उभे करतात. बाकीचे पंच आधार कार्ड बघत. मामांचा कार्डावर विश्वास नव्हता. ते गड्याला बाजूला घेऊन विचारत, “तुमच्या वेशीवरच्या मारुतीचं तोंड कुणीकडं?” “स्मशानाकडं जाताना वढा डाव्या हाताला का उजव्या?” एका गावात अशीच उलटतपासणी करून त्यांनी एका पोराला बाहेर काढलं. पोरगं रडकुंडीला आलं. निघालं असं की तो पाटलांचा सख्खा नातू, फक्त लहानपणापासून पुण्याला वसतिगृहात वाढलेला. गाव अंगावर आलं. सामना तासभर थांबला. मामा शिट्टी तोंडात धरून मैदानाच्या मधोमध फेऱ्या मारत राहिले, पण हटले नाहीत. “मारुती म्हायती न्हाय आन म्हणं गावचा!” त्या गावात त्यांना कुणी पाणीही विचारलं नाही.

फक्त एका बाबतीत ते ढिले होते. आमच्याकडच्या या स्पर्धांत एक जुनी सवलत आहे, गावचा जावई चालतो. सासरवाडीच्या संघातून खेळायची त्याला मोकळीक असते, कारण जावई झाला म्हणजे निम्मा गावचाच झाला. असा जावई समोर आला की मामा मारुती विचारत नसत, ओढा विचारत नसत. “बरं बरं, जा आत,” म्हणून दुसरीकडेच बघत. मी एकदा छेडलं, “मामा, हाही देश बदलण्यातलाच प्रकार नाही का?” तर म्हणाले, “त्ये येगळं,” आणि गाईला वैरण टाकायला निघून गेले. गाईनं नुकतीच वैरण खाल्ली होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मामांची लेक दिलेली इंदापूर तालुक्यात, तिचा नवरा लोणी देवकरच्या एका कारखान्यात इंजिनीअर. त्यांची मुलगी, म्हणजे मामांची नात, सुट्टीत सांगवीला आली की मामा तिला पहाटे कालव्याच्या भरावावरून पळवायचे. स्वतः मोटारसायकलवर, मागून ओरडत, “कोपर आत! खांदं सोड!” पोरगी हरणासारखी पळायची. ती भारताचा निळा बनियन घालून पळताना मामांना जागेपणी दिसायची. मग ती दहा वर्षांची असताना तिच्या वडिलांना नोकरी जर्मनीत मिळाली आणि सगळं घर तिकडे गेलं. मामांनी हार मानली नाही. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, लेकीनं फोन मैदानाच्या कठड्याला टेकवून ठेवायचा आणि सांगवीच्या ओसरीतून मामांनी ओरडायचं. तिथला प्रशिक्षक सुरुवातीला दचकायचा. पुढं त्यालाही ‘कोपर’ हा शब्द पाठ झाला, असं नात सांगते.

ती एकोणीस वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला. आम्ही नवरा-बायको तेव्हा सांगवीलाच होतो. तिकडच्या संघानं तिला विचारलं होतं, आठशे मीटरसाठी. पण त्यासाठी तिकडचं नागरिकत्व घ्यावं लागणार, आणि ते घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार, कारण दोन्ही ठेवणं आपल्या कायद्यात बसत नाही. आई-वडील हो म्हणाले होते. तिनं मात्र सांगितलं, “आबा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही म्हणून कळवते. मला आठवड्यात सांगायचंय.” मामांनी फोन मामींच्या हातात दिला आणि चप्पल न घालताच बाहेर पडले. उसाच्या फडाला तीन वळसे घालून परत आले तेव्हा फोन बंद झाला होता.

तो आठवडा मला विसरता येत नाही. बारामतीतल्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथं मामा रोज दुपारी येऊन थडकायचे. कपाटांच्या रांगांमधून फिरायचे, एखादं पुस्तक उपसायचे, भलत्याच जागी घालायचे आणि माझ्या टेबलाशी येऊन वाक्य मधूनच सुरू करायचे. “आन समजा, उद्या भारताच्या पोरीच्या शेजारी ती उभी ऱ्हायली पळायला, तर म्या कुणाला वरडायचं?” मी म्हटलं, “मामा, आपल्याकडून तिला कुणी बोलावलंय का?” “न्हाय.” “मग?” “पुढच्या साली चाचणीला यील की!” “शिक्षण सोडून? आणि निवड नाही झाली तर?” यावर ते दुसऱ्या रांगेत नाहीसे व्हायचे. दहा मिनिटांनी तिकडून आवाज यायचा, “देश काय सदरा हाय का, बदलायला?” वाचत बसलेली मुलं माना वर करायची. खरं सांगतो, मला त्यांचा राग यायला लागला होता. पोरीचे दिवस चाललेत आणि हा माणूस आपल्या तत्त्वाला कुरवाळत बसलाय, असं वाटायचं. मग ते जाताना फाटकाशी उगाचच मागं वळून बघायचे, आणि माझा राग विरघळायचा. नको म्हणावं तर पोरीचं पळणं थांबतं, हो म्हणावं तर पोरगी परकी होते, या दोन्हींच्या मध्ये तो सत्तरीचा माणूस नुसता चालत होता.

सहाव्या दिवशी, रविवारी, आम्ही पुन्हा सांगवीला गेलो. मामी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मामांच्या येरझारा चालूच. मामी सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, “आवं, जावईबापूस्नी सांगा की आमच्या जत्रंचं.” मामा थबकले. “कसलं?” “कसलं म्हंजे? साखरपुडा झाल्यावं आमच्या गावाकडनं खेळला न्हाई का तुमी? सांगवीच्या इरुद्ध?”

मग सगळं बाहेर आलं. लग्नाला दोन महिने अवकाश होता. मामींचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, तिथल्या जत्रेत अंतिम सामना सांगवीशी पडला आणि माहेरच्या संघात हे महाशय हजर. पंचानं विचारलं, “ह्यो गडी कुठला?” मामींच्या वडिलांनी छातीठोक सांगितलं, “जावई!” हळद लागायची होती, पण जावई! शेवटच्या चढाईत मामांनी सांगवीचे तीन गडी बाद केले. त्यात एक त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता.

मी आणि माझी बायको हसून हसून वाकलो. मामा हसले नाहीत. खांबाला हात लावून म्हणाले, “भाऊ सांगवीचा म्होरक्या हुता. तीन सालं मला नुस्तं पाणी वाहायला ठिवलं. मला खेळायचं हुतं, जावईबापू. तितं जागा दिली, तितं खेळलो.”

मामी शेंगा फोडत म्हणाल्या, “आन माझं? मला इचारलं कुणी, सांगवीची हुतीस का म्हणून? आनून सोडली, झाले सांगवीची. पर आजबी आमच्या गावानं ढाल जिंकली म्हणलं की मला बरं वाटतंय. सांगवीनं जिंकली तरी वाटतंय. काय बिगाडलं?” एवढं बोलून त्या सूप उचलून आत गेल्या. मामांनी खांबावरचा हात काढला. मग मला म्हणाले, “लावा फोन.”

नात पडद्यावर आली. मामांनी घसा खाकरला. एक सबंध भाषण तयार असावं असं तोंड केलं होतं, पण निघालं एवढंच, “पळ बाय. कुणाच्याबी बनियनात पळ. मागनं वरडायला मी हाय.” पलीकडे पोरगी हुंदके देत हसत होती. मामा फोन माझ्याकडे देऊन गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी त्यांच्या मागं गेलो नाही. मलाही डोळे पुसायचे होते.

पुढे तिचे कागद झाले, पासपोर्ट परत गेला. ती नव्या बनियनात पहिली शर्यत पळाली तेव्हा मामांनी सांगवीतल्या निम्म्या लोकांना घरी बोलावलं. ती पाचवी आली. मामा प्रत्येकाला सांगत होते की पाचवी म्हणजे साधी गोष्ट नाही.

गेल्या महिन्यात मी सांगवीला असताना तिचा पुन्हा फोन आला. सुट्टीत इकडे यायचं होतं आणि ती व्हिसाचा अर्ज भरत होती. भारतात ओळखीचं कोण, त्याचं नाव, पत्ता, असं एकेक विचारत होती आणि मामा पोलीस ठाण्यात सांगावं तसं ताठ उभं राहून सांगत होते. मग ती म्हणाली, “येण्याचं कारण विचारलंय, आबा. पर्यटन, धंदा, उपचार, नातेवाइकांची भेट.”

“घरी येतीय, आसं न्हाय व्हय त्यात?”

“नाही आबा.”

मामा दारापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, “भेट लिही मग.”

तिनं भरलेल्या अर्जाचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला. मामा जवळ येऊन माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले, पण चष्मा आत होता. “जावईबापू, माझं नाव नीट लिवलंय का बगा. एखादं अक्षर चुकलं तर पोरीला दारातच उभी करत्याल.” मी त्यांचं नाव, वडिलांचं नाव, गाव सांगवी, तालुका बारामती, सगळं सावकाश वाचून दाखवलं. त्यांनी ते मला आणखी एकदा वाचायला लावलं.