खात्यावरचं पांढरं कापड

पांढुर्ण्याच्या कापड दुकानात त्या माणसाचं भाव करणं मी मजेनं ऐकत होतो. संत्र्याच्या ट्रकसोबत गेलेला तो महिनाभरानं दिल्लीहून परतला होता आणि तिगावच्या घरी जायच्या आधी सरळ लुगडं घ्यायला आला होता. घरी फोन वगैरे तेव्हा कुठले? तो पदर अंगठ्यानं चोळायचा, नाक मुरडायचा, वहाणा घालून निघायचा आणि पायरीवरून परत यायचा. "मायसाठी घेऊन राहिलो शेठजी, थोडं तं सोडा!"

शेवटी सौदा जमला. खात्यावर लिहिताना शेठजींनी मागची बाकी वाचली, तर तीत मयताचं पांढरं कापड निघालं.

तो हसला. "दुसऱ्याचं माह्या खात्यावर चढवलं तुम्ही. आमच्या घरी तं कोनी मेलं नाही."

शेठजी ओशाळून ते खोडायलाच निघाले होते. तेवढ्यात मुनीमजी हळूच म्हणाले, "भाऊ, तुमचा धाकटा भाऊ घेऊन गेला. मायसाठीच."

हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. बराच वेळ तो लुगड्याची घडी सारखी करत बसला. मग त्यानं विचारलं, "त्यानं भाव तं नाही केला न?"

मयताच्या कापडाचा भाव आमच्याकडे कोणी करत नाही.

"नाही," मुनीमजी म्हणाले.

लुगडं तिथंच ठेवून तो उतरला. वहाणा पायरीशीच राहिल्या.

अजूनही आम्ही न घेतलेली वस्तू बिलात निघाली, की बायको दुकानदाराशी भांडायला उठते. मी मनात म्हणतो, देवा, चूकच असू दे.