चौदाव्या नावाची भाकर

जमनी भाकर थापायला बसली की परात अपुरी पडायची. यात काडीची अतिशयोक्ती नाही. दारव्ह्याहून चार कोसांवर खैरटेक नावाचं गाव, तिथे मिशनचा एक छोटा दवाखाना, आणि त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात ही तांड्यावरची बाई ज्वारीच्या अशा भाकरी करायची की एका भाकरीत दोन रोगी जेवावेत. तापातून उठलेला माणूस तोंडाला चव नाही म्हणून कुरकुरत ताटावर बसायचा आणि आणखी एक तुकडा मागून उठायचा. नाव गोळ्यांचं व्हायचं.

अशा बाईची भाकर चर्चमधल्या प्रभुभोजनाला मात्र चालत नव्हती. पाच वर्षं चालली नाही.

जमनी जन्माने बंजारा. १९५७ साली तिचं बाळंतपण अडलं आणि रामलालने, तिच्या नवऱ्याने, तिला बैलबंडीत घालून या दवाखान्यात आणलं. बाळ गेलं. तीही जायच्याच बेतात होती. विमलताई नावाची नर्स नऊ दिवस तिच्या उशाशी बसली. तिची घाण काढली, केस विंचरले, आणि एकदाही नाक मुरडलं नाही.

शुद्धीवर आल्यावर जमनीने विचारलं, "ताई, तुमी माह्या कोन? एवढं कायले केलं?"

विमलताई म्हणाली, "आमच्या मंडळीत सगळे एकाच घरचे असतात गं."

हे वाक्य जमनीच्या काळजात जाऊन बसलं. सहा महिन्यांनी अडाण नदीच्या पात्रात उभं राहून तिने बाप्तिस्मा घेतला. मंडळीचे धर्मगुरू प्रभुदास पाळक यांनी नवं नाव सुचवलं, तर ही म्हणते, "जुन्यात का खराबी हाय?" पाळक हसले आणि जमनी जमनीच राहिली. रामलाल तेवढा काठावर बैलांना पाणी पाजत उभा होता. "तुहा देव चांगला हाय," तो म्हणाला, "पन मले थंड पान्याचं भेव वाटते." तेव्हापासून दर रविवारी तो तिला बंडीतून चर्चला आणायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेरच्या कडुनिंबाखाली बिड्या ओढत बसायचा.

खैरटेकच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, चौदा घरं. त्यातली तेरा दवाखान्याच्या आवारात राहणारी. त्यांचे आजे-आज्या मोठ्या दुष्काळात अनाथ लेकरं म्हणून मिशनकडे आलेले. कोण कुठल्या जातीचा, कोणत्या गावचा, याचा पत्ता आता कोणालाच नव्हता. वाटेल की अशा माणसांना जातीचं काय कौतुक असणार! पण जात विसरलेल्या या लोकांनी स्वतःची एक नवी जात काढली होती, तिचं नाव आवारातले. आवारातले पांढरं नेसायचे, पुस्तकी मराठी बोलायचे, पेटीच्या सुरात गायचे. त्यांच्यात ही जमनी यायची ती हातभर बांगड्या आणि घुंगरं वाजवत. डोळे मिटून प्रार्थना चालू असली तरी जमनी आली हे सगळ्यांना कळायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा खायचा. भिजवलेल्या मनुकांचा रस, आणि ज्वारीची एक भाकर. ती भाकर पाळीपाळीने एकेका घरून यायची. पाळ्या दाराजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या असत आणि तो फळा होता सालोमीबाईंच्या ताब्यात. सत्तरीच्या आसपासची ही बाई, जाड भिंगांचा चष्मा, काठीसारखा ताठ कणा. पाळकसुद्धा त्यांच्यासमोर आवाज खाली आणून बोलायचे.

"बाई, माही पाळी कवा?" जमनीने पहिल्या वर्षी विचारलं.

"येईल."

दुसऱ्या वर्षी सालोमीबाई म्हणाल्या, "तुझी चूल तांड्यातली. तिच्यावर बकरं शिजतं. त्याच चुलीवर प्रभूची भाकर?" जमनीने अंगणात नवी चूल घातली. मग कळलं की नवऱ्याचा बाप्तिस्मा झालेला नाही ही अडचण आहे. ती रामलालला सांगितली तर तो आभाळाकडे पाहायला लागला. त्यानंतर कारणं संपली आणि नुसतं "येईल, येईल" राहिलं.

फळ्यावर आपलं नाव आहे तरी का, हेच जमनीला कळायचं नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं. विमलताई संध्याकाळी मोठ्या बायांचा वर्ग घ्यायची. कोणी सही करायला शिकायला यायची, कोणी मोटारीवरची पाटी वाचायला. जमनी फळा वाचायला शिकली. आठ महिने पाटीवर बोटं झिजवली आणि एका रविवारी फळ्यासमोर उभं राहून तिने वरून खाली एकेक नाव लावत नेलं. अगदी तळाशी होतं, 'चौदा, जमनी रामलाल.'

तिला रडूच फुटलं. नाव होतं! आपण उगाच लोकांना मनातून बोल लावले म्हणून तिने तिथेच कान पकडले. मग ती महिने मोजू लागली. तेरावं घर झालं. पुढच्या पहिल्या रविवारी ती पहाटे उठली, न्हाली, नव्या चुलीवर एक भाकर केली, आरसे टाचलेल्या रुमालात बांधली आणि चर्चमध्ये आली. फळा पुसून स्वच्छ झाला होता. वर ताजं नाव होतं, 'एक, सालोमीबाई.' तळाशी पुन्हा, 'चौदा, जमनी रामलाल.'

तेरा झाले की फळा पुसायचा आणि वरून सुरू करायचं. दरवेळी असंच होत आलं होतं. चौदावं नाव लिहायचं ते पुसण्यापुरतं.

त्या दिवशी भाकर तशीच परत गेली. कडुनिंबाखाली रामलालने रुमाल सोडला. "देवानं नाही खाल्ली त मी खातो," असं काहीतरी तो हसत बोलला आणि तिचा चेहरा पाहून घास हातातच धरून बसला.

"सोडून दे न मंग," तो हळूच म्हणाला. "तांडा कुठी पळून गेला काय? नायक धरमसिंग तुले उद्या घेते परत."

जमनीने रिकामा रुमाल झटकून त्याची घडी केली. मग म्हणाली, "विमलताईनं माही घान धुतली, ते खोटं होतं काय?"

"नाही."

"ते खरं हाय त मंडळीबी खरी हाय. फळा खोटा हाय. फळ्यापायी मी घर काहून सोडू?"

पुढच्या तेरा महिन्यांत तिने एकही रविवार चुकवला नाही. मध्ये सालोमीबाईंना मुदतीचा ताप आला. त्या अकरा दिवस दवाखान्यात पडून होत्या आणि उतार पडल्यावर दुधात कुस्करलेली भाकर तेवढी त्यांच्या पोटात टिकायची. कोणाच्या हातची ते त्यांनाही ठाऊक होतं. वाटी रिकामी करून त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. जमनी वाटी उचलायची आणि जायची. यावरून तिने पुढे कधी टोमणा मारला नाही, हे तिच्या मोठेपणात धरायलाच हवं, कारण जीभ तिची भलती तिखट होती.

१९६२ च्या डिसेंबरचा पहिला रविवार उजाडला. तेरा घरं झाली होती आणि फळा पुन्हा स्वच्छ पुसलेला होता. मेजावर पांढऱ्या कपड्याखाली सालोमीबाईंची भाकर ठेवलेली. प्रभुदास पाळक सांगत होते की आपण पुष्कळ असलो तरी एक आहोत, कारण भाकर एक आहे. तेवढ्यात मागच्या चटईवरून घुंगरं वाजली. जमनी उठली, सगळ्यांच्या मधून चालत पुढे आली, मेजासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि रुमालातली भाकर मांडीवर ठेवली.

तांड्यात तंटा झाला की नसाब बसते. ज्याची तक्रार असेल त्याने सगळ्यांसमोर येऊन बसायचं, आणि न्याय झाल्याशिवाय ना त्याने उठायचं, ना पंचांनी. जमनीच्या मते मंडळी जमली म्हणजे नसाबच बसली होती. आवारातल्यांना हा रिवाज कुठून ठाऊक असणार? त्यांच्याकडे पुढे येऊन खाली बसतो तो पश्चात्ताप करणारा पापी. पाळकांना गहिवरून आलं. ते खाली उतरले, त्यांनी जमनीच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून म्हणाले, "सांग बाई, मन मोकळं कर. काय पाप झालं?"

"पाप माह्यं नाही," जमनी म्हणाली. "फळ्याचं हाय."

पाळकांनी डोळे उघडले. हात मात्र डोक्यावरच राहिले, कुठे न्यावेत ते त्यांना सुचेना.

"पाच वर्सं झाली. चौदावं नाव माह्यं. तेरा झाले का पुसून टाकता. माही भाकर तुमच्या रोग्याले चालते, देवाले काहून नाही चालत? न्याय करा. तवरोक मी उठत नाही."

पेटीवाल्याचा हात भात्यावरून सुटला आणि पेटी एकदाच केविलवाणी वाजली. पाळक भले गृहस्थ होते, आणि भल्या गृहस्थांना सुचतो तो मध्यम मार्ग त्यांना सुचला. "असं करू," ते म्हणाले, "आज दोन्ही भाकरी मेजावर ठेवू."

"कशा ठेवता?" जमनी म्हणाली. "आताच त तुमी सांगतलं भाकर एक हाय म्हून. दोन ठेवल्या का दोन मंडळ्या झाल्या. एक ठेवा. माही नको असन त तसं तोंडानं सांगा, मी जातो घरी."

'नको' हा शब्द पाच वर्षं सगळ्यांनी मिळून पाळला होता. तो मोठ्याने उच्चारायची छाती एकाचीही झाली नाही. जमनीने भाकर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आज नाही म्हटलं तर आपण या दारात पुन्हा यायचो नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या बाकावरून सालोमीबाई उठल्या. त्या मेजापाशी गेल्या, पांढरा कपडा बाजूला केला आणि स्वतःची भाकर उचलली.

"दवाखान्याच्या जुन्या वहीत माझी नोंद आहे," त्या म्हणाल्या. "मी ती वाचलेली आहे, कोणाला सांगितली नाही. 'मुलगी, वय अंदाजे तीन वर्षं, फाटकाशी सापडली.' बस, एवढंच. आईचं नाव नाही, बापाचं नाही, जात नाही. त्या दिवशी कोणीतरी मला भाकरीचा तुकडा दिला म्हणून मी जगले. तो हात कोणाचा हे मी विचारलं नव्हतं." त्या पाळकांकडे वळल्या. "फळा मी पुसत होते, पाळक. तिने खरं सांगितलं. पाप माझं आहे."

एवढं बोलून ती ताठ कण्याची बाई आपली भाकर घेऊन थेट दाराबाहेर चालू लागली. कडुनिंबाखाली रामलालने घाईघाईने बिडी विझवली. सालोमीबाईंनी भाकर त्याच्या हातात ठेवली. "घ्या. सकाळपासून उपाशी असाल," त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या.

आत येऊन त्यांनी जमनीपुढे हात केला. जमनीला वाटलं, भाकर मागतात. पण त्यांनी जमनीचा दंड धरला आणि तिला उठवलं. न्याय झाला होता. भाकर जमनीने स्वतःच्या हाताने मेजावर ठेवली.

पाळकांनी ती मोडली. दोन माणसं तेवढी उठून बाहेर गेली. त्यातला एक शेवटच्या गीताआधी खाली मान घालून परत आला. दुसऱ्याला यायला तीन वर्षं लागली, पण तोही आला. बाकी सगळ्यांनी ती भाकर खाल्ली, आणि ती एवढी मोठी होती की सगळ्यांना देऊन उरली. जमनी त्या दिवशी कसली गायली! सुराशी तिचं कधी जमलं नव्हतं, त्या दिवशीही जमलं नाही, पण पेटीवाल्यानेच आपला सूर सोडून तिचा धरला.

हे इथे संपवलं असतं तरी चाललं असतं. पण सहा वर्षांनी, १९६८ मध्ये, आणखी एक गोष्ट घडली. सालोमीबाईंचे डोळे गेले होते आणि फळा जमनीकडे आला होता. ढाणकीकडून एक नवं घर मंडळीत आलं. बाईचं नाव मथुराबाई, शिंदीच्या झाडण्या बांधून विकायची. पंधरावं नाव लिहायला जमनीने खडू उचलला, 'म' काढला आणि तिचा हात थबकला. तांड्यात असल्या घरचं पाणीही कोणी घेत नसे. लहानपणी आईने हाताला धरून बाजूला ओढलेलं तिला आठवलं.

मागच्या बाकावर खडूची करकर ऐकत बसलेल्या सालोमीबाईंचा आवाज आला, "जमने, खडू का थांबला?"

जमनी दचकली. मग स्वतःवरच इतकी जोरात हसली की घुंगरं वाजली. "थांबला होता बाई," ती म्हणाली. "आता चालला."

तो 'म' तिने पुसला. शेवटी लिहिलेल्या नावाचं काय होतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? येत्या महिन्याच्या ओळीत तिची स्वतःची पाळी होती. ती पुसून त्या जागी तिने ठळक अक्षरात लिहिलं, 'मथुराबाई.'

पहिल्या रविवारी मथुराबाईची भाकर आली. लहानशी, एका कडेला करपलेली. पाळकांनी ती मोडली तेव्हा सगळ्यांत आधी जमनीने हात पुढे केला आणि करपलेला तुकडा मागून घेतला.