आत्याचं एकमेव मत

आमच्या कळस गावातल्या घरात भांडण पेटलं की आत्या हात वर करायची. "एका येळी एकानं. तू बस आबा, दादाचं हून दे." आबा म्हणजे माझे थोरले चुलते आणि दादा म्हणजे वडील. दोघं तिचे धाकटे भाऊ. पाण्याच्या पाळीवरून एकमेकांच्या अंगावर धावणारे ते दोघं तिच्यापुढं मुकाट बसत. घरात सगळे तिला अध्यक्षच म्हणायचे. लोकसभेचं कामकाज ती टीव्हीवर रोज बघायची आणि ज्वारी निवडता निवडता गोंधळी खासदारांना दटावायची, "आरं, बस की खाली. आयनं बोलाय शिकवलं न्हाय व्हय?"

स्वतःचं मत मात्र ती कधी सांगत नसे. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली ती कायमचीच. राहायचं आबांनी दिलेल्या खोलीत, जेवायचं दोघा भावांचं. कुणाची बाजू घेणार?

मी राज्यशास्त्राची पदवी घेत होते, घरातली पहिलीच. बारामतीहून एसटीनं आले की तिला माझं पुस्तक वाचून दाखवायचे. विधेयक मांडतात, त्यावर चर्चा होते, कधी ते समितीकडं जातं, मग मतदान. लोकसभेचा अध्यक्ष एरवी मत देत नाही, मतं समसमान पडली तरच देतो, हे तिला फार पटलं. "बरं हाय. मत न्हाय म्हंजे वैर न्हाय."

माझा निकाल लागला आणि आबांनी शेळगावचं स्थळ आणलं. मला पुण्याला वकिली शिकायची होती. आबा आणि चुलती लग्नाच्या बाजूनं, आई आणि दादा माझ्या. मला कुणी विचारलंच नाही. जेवताना आबा हसून म्हणाले, "घ्या मतदान, अध्यक्ष."

आत्यानं घेतलं. दोन-दोन.

"आता?" आबा म्हणाले. नेहमीसारखी ती विषय पुढं ढकलेल, असंच त्यांना वाटलं असणार.

"आता माझं. पोरगी पुण्याला जाईल."

आबा ताटावरून उठले.

मी पुण्याला आले. आबा तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. भांडणं होतात, पण तिला कुणी मधे बोलावत नाही. मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा मी म्हणाले, "आत्या, चल माझ्यासंगं."

"तुझ्या हॉस्टेलात म्हातारी ठिवून घेत्यात व्हय?"

मी तिच्यापुढचं ज्वारीचं ताट माझ्याकडं ओढलं.

"आदी वकील हो," ती म्हणाली. "आन् हळू बोल. आबा आत हाय."