अर्वेलाबाईंचा एलरी

अर्वेलाबाई स्टब्ज शिकागोच्या आमच्या साउथ साइडला लाँड्रीत इस्त्री करायच्या. दिवसभर उभ्याने. शर्टावर एक सुरकुती राहिली तरी तो पुन्हा ओला करून पहिल्यापासून. इतकं चोख काम मी पुरुषांतही कमी पाहिलं.

मी गुत्त्यांमधल्या गाण्याच्या पेट्या सांभाळायचो. कपाटाएवढी पेटी, वर काच. नाणं टाकलं की आतली फीत फिरून काचेवर एक गाणं दिसायचं, वाजवणाऱ्यांसकट. अशाच एका गाण्यात बाईंचा मुलगा एलरी गिटार वाजवत होता. अख्खी गल्ली बघून आली, बाई सोडून.

"सिस्टर, पाच मिनिटांचं काम. मी सोबत येतो," मी म्हणालो. चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टरच म्हणतो.

"गुत्त्याची पायरी मी नवऱ्याला ओढून आणायलाही चढले नाही, थॅडियस. पोरगा घरी येऊन वाजवेल की."

एलरी युद्धावर गेला. मग तार आली.

युद्धानंतर पेट्या भंगारात निघाल्या. मी एलरीची फीत मिळवली, प्रोजेक्टर मागून आणला आणि चर्चच्या तळघरात पातळ चादर ताणून बांधली. बाई नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसल्या.

गाणं संपलं. मग म्हणाल्या, "हा माझा नव्हे."

"एलरीच आहे, सिस्टर."

"माझा उजव्या हाताने वाजवायचा. हा डावखुरा कोण?"

"थॅडियस, कुणाचा पोरगा उचलून आणलास?" मागून चर्चचे कारभारी, डीकन बर्डेट म्हणाले. दोघं-तिघं हसले.

पेटीत मी त्याला उजव्या हातानेच वाजवताना पाहिलं होतं.

"परत लाव," बाई म्हणाल्या. या वेळी त्या चादरीला नाक लावून उभ्या राहिल्या. "शर्ट मीच इस्त्री केलेला आहे. पण बटणं बायकांच्या बाजूला. उलट्या अंगाने बघतोय आपण." आणि त्या चादरीमागे गेल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पेटीत चित्र आरशांवरून काचेवर यायचं, म्हणून फीत मुळातच उलटी छापलेली. इथे आरसे नव्हते; चादरीमागून मात्र चित्र सुलट दिसणार होतं.

गाणं संपत आलं तेव्हा त्या चादरीमागून म्हणाल्या, "खुर्ची आण, थॅडियस. आणि पुन्हा लाव."

सगळ्यांनीच खुर्च्या उचलून पलीकडे नेल्या. डीकन जागा शोधत मध्येच उभे राहिले.

"खाली बसा, डीकन," अर्वेलाबाई म्हणाल्या. "माझा पोरगा वाजवतोय."